पुरात घर सोडताना: पिशवी कशी भरायची, चाकू कोणता घ्यायचा

‘सर्व्हायव्हल किट’ असं शोधलं की समोर येतो तो जंगलात एकट्या हरवलेल्या माणसाचा संसार: हातभर लांब काळा चाकू, चकमक, मासे धरायचा गळ, होकायंत्र, सापळ्याची तार. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर किंवा चिपळूण-महाडात घर सोडावं लागणाऱ्या माणसाला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. आपल्याकडे घर सोडणं म्हणजे काय, हे २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा होतो, ट्रॅक्टरची ट्रॉली नाहीतर रबरी बोट येते, आणि पुढचे काही दिवस शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात किंवा पाहुण्यांकडे जातात. तिथे जेवण बहुतेक वेळा मिळतं. मिळत नाहीत त्या रोजच्या गोळ्या, कोरडे कपडे, चार्ज असलेला फोन आणि रात्री संडासला जाताना उजेड. पिशवी या हिशेबाने भरायची, आणि चाकूही याच हिशेबाने निवडायचा.

पहिल्यांदाच अशी पिशवी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्या क्रमाने करायचं, त्याच क्रमाने.

१. आधी पाण्याचा आकडा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा ४० आणि धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, कोल्हापुरात ५५ च्या वर. पण हे आकडे सगळ्या शहराचे. तुमच्या कामाचा आकडा वेगळा: आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना येतं? काठावरच्या जुन्या माणसांना तो पाठ असतो. भाड्याने राहायला नवीन आला असाल तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल.

दुसरा आकडा रस्त्याचा. बहुतेक ठिकाणी घरात पाणी यायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता बुडतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. मग गावातल्या सखल रस्त्यांचं काय होणार ते उघड आहे. हे दोन्ही आकडे जाड पेनाने कागदावर लिहून पिशवीच्या आत चिकटवा. इशारा पातळी आली की पिशवी खाली काढायची, रस्त्याच्या आकड्याला पाणी पोचायच्या आत निघायचं.

चिपळूणकरांना एवढी सवड मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माणसांना वरचा मजला गाठण्यापलीकडे फार काही करता आलं नाही. अशा गावात पिशवी तळमजल्यावर ठेवण्यात अर्थ नाही. ती वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावरच हवी. आणि डोंगराच्या पायथ्याला राहत असाल तर पिशवीवर भिस्त ठेवू नका. माळीण, तळीये, इर्शाळवाडी या तिन्ही ठिकाणी दरड कोसळली तेव्हा कुणाला काही उचलायला वेळच मिळाला नाही. तिथे अतिवृष्टीचा इशारा आला की आदल्या दिवशी निघणं हाच उपाय. जमिनीला नवी भेग, वाकलेली झाडं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी असं काही दिसलं तर इशाऱ्याचीही वाट बघायची नाही.

२. पिशवी

माणशी एक, पाठीवर घ्यायची, २५ ते ३५ लिटरची. मुलाची जुनी दप्तराची सॅक चालते. भरल्यावर वजन सहा ते आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका, कारण एका हाताला मूल किंवा म्हातारं माणूस असणार आहे. हातात धरायची ट्रॅव्हल बॅग, सुटकेस, चाकांची बॅग यातलं काहीही नको. कमरेइतक्या पाण्यात दोन्ही हात मोकळे लागतात.

सॅकवरचं ‘वॉटरप्रूफ’ हे लेबल विसरा. शिवणीतून आणि चेनमधून पाणी जातंच. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात, आणि तोंड तीन-चार वेळा गुंडाळून रबराने बांधा. खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी जाड असते, पण ती या कामाला नको, कितीही धुतली तरी. कपडे एका पिशवीत, औषधं दुसरीत, कागद तिसरीत. अशी बंद पिशवी पाण्यात पडली तर थोडा वेळ तरंगते, हा वरचा फायदा.

३. जे कुठेच उसनं मिळणार नाही ते

यात चाकू येत नाही. सगळ्यात आधी औषधं. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स, दमा, जे काही रोजचं असेल ते किमान सात दिवसांचं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. इन्सुलिन फ्रीजमधून काढावं लागणार, म्हणून ते पिशवीत आधीपासून ठेवता येत नाही. त्याऐवजी पिशवीच्या दाराकडच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘फ्रीज: इन्सुलिन’ अशी चिठ्ठी लावा. निघायच्या घाईत हेच राहतं. चष्म्याची जुनी जोडी, कानाच्या यंत्राचे सेल, सॅनिटरी पॅड, लहान बाळाचं दूध हेही याच पंक्तीत.

कागदांत आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, सातबारा किंवा घराचा उतारा, विम्याची पॉलिसी यांच्या झेरॉक्स पुरेत. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे, आणि डिजिलॉकरवर जे टाकता येईल ते टाकून ठेवा. पावसाळ्याआधी घराचे, गोठ्याचे, फ्रीज-टीव्ही-मोटरचे फोटो काढून ते नातेवाइकाच्या फोनवर पाठवा. पंचनाम्याच्या वेळी हे फोटो सामानापेक्षा जास्त बोलतात.

रोख पैसे दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांत. वीज आणि टॉवर दोन्ही गेल्यावर यूपीआय नसतं आणि पाचशेची मोड कुणाकडे नसते. एका कागदावर पाच फोन नंबर हाताने लिहून प्रत्येकाच्या खिशात, मुलांच्या तर नक्कीच. त्यात ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ घाला.

४. चाकू: आधी काय कापायचं ते ठरवा

आता जिथे सगळे नवखे अडकतात तिथे येऊ. चाकू विकत घेताना माणूस पात्याकडे बघतो. बघायला हवं कामाकडे. पुरात आणि वादळात चाकू लागतो तो या कामांना: ओला नायलॉनचा दोर कापणे, गुरांचं दावं कापणे, ताडपत्री आणि मेणकापड फाडणे, मदतीच्या किटची बांधलेली पोती उघडणे, जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या पट्ट्या करणे, वायरचं आवरण सोलणे, फळ-कांदा चिरणे. यात लाकूड फोडणं नाही, झोपडी बांधणं नाही, आणि कुणावर उगारणं तर अजिबात नाही. म्हणजे मोठ्या पात्याची गरजच संपली.

*लांबी.* पातं ९ ते ११ सेंटिमीटर, साधारण तळहाताच्या रुंदीइतकं. एवढं पातं अंगठ्याच्या ताब्यात राहतं. अठरा-वीस सेंटिमीटरचं पातं घेऊन बोटीत, अंधारात, थरथरत्या हाताने दोर कापायला गेलात तर दोराच्या पलीकडे काय आहे ते आधी कापलं जाईल. जाडी दोन ते तीन मिलिमीटर पुरे. पाच-सहा मिलिमीटरची जाड पाती दिसायला दणकट असतात, पण टोमॅटोसुद्धा चिरत नाहीत, चिरडतात.

*घडीचा की सरळ?* सरळ, म्यानात बसणारा. घडीच्या चाकूच्या सांध्यात गाळ आणि वाळू गेली की तो एकतर उघडत नाही किंवा उघडल्यावर नीट अडकत नाही, आणि मग तो बोटांवर मिटतो. घडीचाच हवा असेल तर पातं उघडल्यावर खटकन अडकणारा, लॉक असलेला घ्या. बटण दाबलं की सटकन उघडणारा रामपुरी थाटाचा चाकू कुणी कितीही कौतुकाने दिला तरी नको. त्याचं कारण कायद्याचं, ते पुढे येतंच.

*पोलाद.* पावसाळ्यासाठी स्टेनलेस. कार्बन स्टीलला धार पटकन लागते हे खरं, आपल्या विळ्या-कोयत्यांची मजा त्यातच आहे. पण ते रोज वापरात असतात, रोज घासले जातात. पिशवीत वर्षभर पडून राहणारा कार्बन स्टीलचा चाकू कोकणातल्या दमट हवेत जूनमध्ये उघडाल तेव्हा तांबूस झालेला असेल. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलेलं पुरेसं नसतं, कारण चमचेही स्टेनलेसचेच असतात. १२सी२७, ८सीआर१३ असं काही पोलादाचं नाव बनवणाऱ्याने सांगितलं असेल तर तो काय विकतोय हे त्याला माहीत आहे, असं समजायला हरकत नाही.

*मूठ.* पातं मुठीच्या आत किती खोल गेलंय ते विचारा. शेवटपर्यंत गेलेलं उत्तम, अर्ध्याहून बरंच जास्त गेलेलं ठीक. पोकळ मुठीचे चाकू, ज्यांच्या टोकाला होकायंत्र असतं आणि आत काड्यापेटी-गळ भरलेले असतात, ते दुकानात मुलांना फार आवडतात. त्यांचं पातं एका छोट्या नटावर टिकलेलं असतं. ते घेऊ नका. मुठीची परीक्षा सोपी आहे: हाताला साबण लावा, म्यानातला चाकू घट्ट धरा आणि दुसऱ्या कुणाला तो ओढायला सांगा. निसटला तर ती मूठ पुरात निरुपयोगी. रबरी किंवा खरखरीत प्लास्टिकची, आणि बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून पुढे उंचवटा असलेली मूठ सर्वांत चांगली. गुळगुळीत स्टील आणि पॉलिश केलेलं लाकूड दोन्ही बाद.

रंग भगवा, पिवळा किंवा लाल घ्या. काळी मूठ गाळात पडली की गेली. काळाच चाकू घरात असेल तर मुठीवर चमकदार रंगाचा इन्सुलेशन टेप गुंडाळा.

*म्यान.* कातड्याचं देखणं असतं, पण ते पाणी पितं, बुरशी धरतं आणि पात्याला गंज चढवतं. प्लास्टिकचं हवं, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. म्यानात घालून चाकू उलटा धरून झटका द्या. बाहेर आला तर ते म्यान नव्हेच.

*सरळ धार की दाते?* यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ओल्या नायलॉनवर करवतीसारखे दाते जास्त चांगले चालतात, सरळ धार बोथट असेल तर दोरावरून नुसती घसरते. पण दात्यांना घरी धार लावणं कठीण. माझं मत: मुख्य चाकू सरळ धारेचा घ्या, आणि सोबत भांड्यांच्या दुकानात मिळणारी दातेरी सुरी ठेवा, ती टोमॅटो चिरायची. ती स्वस्त असते, वजन काहीच नाही, आणि दोर कापायला अनेक महागड्या चाकूंना लाजवते. पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून टेपने बंद करा.

नाव सांगा असं कुणी विचारलंच तर नवख्यासाठी स्वीडनचा मोरा कंपॅनियन हा स्टेनलेसचा चाकू वरच्या बहुतेक अटींत बसतो: पातं सुमारे १० सेंटिमीटर, जाडी २.५ मिलिमीटर, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान. पण त्यासाठी थांबून राहू नका. घरातली चांगल्या मुठीची भाजीची सुरी, धार लावून आणि नीट म्यान करून पिशवीत गेली, तर ती न आलेल्या पार्सलपेक्षा बरी.

*पक्कड असलेलं मल्टीटूल* घ्यायचं का? घरात तारकाम, मोटर, गोठ्याच्या साखळ्या असतील तर हो. पक्कड अशी गोष्ट आहे की तिचं काम दुसरं काहीच करत नाही. फक्त फ्लॅट आहे, चौथा मजला, तर नको.

*कोयता?* निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी अडले. तिथे कोयता आणि करवतच कामाला आले, आणि कोकणी माणसाच्या कमरेच्या आकडीला कोयता असतोच. पण तो घराच्या आवारातला, वादळ गेल्यानंतरचा. घर सोडायच्या पिशवीत तो घालू नका. फांदी कापायची वेळ येईल असं वाटत असेल तर घडीची छोटी करवत घ्या. ती कोयत्यापेक्षा हलकी आहे, आणि थकलेल्या हातातून निसटली तरी पाय तुटत नाही.

५. कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून दहा सेंटिमीटरचं पातं इथेही सोयीचं. मात्र आकार लहान आहे म्हणून कुठेही मिरवता येतो असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या काळात शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुऱ्याही येतात. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या झाल्यापासून तर रात्री कमरेला कोयता बघून कुणी ‘शेतकरी असेल’ असं म्हणत नाही.

तेव्हा चाकू पिशवीच्या तळाशी नको पण कमरेलाही नको. दोन्ही बाजूंनी धारेचा खंजीर घेऊ नका, बटणाचा रामपुरी किंवा लष्करी दिसणारा घेऊ नका. दातेरी सुरी, दोर, टेप, पक्कड यांच्यासोबत एका कापडी बटव्यात ठेवा. पोलिसाने पिशवी उघडली तर त्याला दिसायला हवं ते घरगुती अवजारांचं पाकीट. निवारा केंद्रात पोचलात की तो बटवा बांधूनच ठेवायचा. एका वर्गात चाळीस माणसं, त्यातली पंधरा मुलं, आणि रात्री कुणाची तरी बाचाबाची होतेच.

६. धार आणि सराव

नवा चाकूही बऱ्याचदा नीट धारेचा नसतो. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दुहेरी दगड घ्या, एक बाजू भरड, एक बारीक. दगड ओला करून ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. कोन शोधायला सोपी युक्ती: पातं दगडावर उभं धरा, मग निम्मं झुकवा, पुन्हा निम्मं झुकवा. झालेले वीस-बावीस अंश तुमचे. त्या कोनात मुठीपासून टोकापर्यंत पातं ओढत न्या, दोन्ही बाजूंना सारखंच. कोन हलू न देणं हेच सगळं कौशल्य; जोर लावायची गरज नाही. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सरळ कापला गेला की पुरे.

मग खरी परीक्षा. जुना नायलॉनचा दोर बादलीत भिजवा आणि कापा. दोर ताणून धरला की निम्म्या श्रमात कापला जातो, सैल असला की पातं उड्या मारतं. कापताना पातं नेहमी शरीरापासून दूर जाईल असं धरा. मांडीवर ठेवून काही कापू नका, मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. हे सगळं दिवसा जमलं की एकदा दिवे घालवून हेडटॉर्चच्या उजेडात करून बघा.

गुरं असतील तर हा सराव दुप्पट महत्त्वाचा. पाणी चढतंय असं दिसलं की दावणीला गाठ बदला, एक टोक ओढलं की सुटेल अशी बांधा, आणि पहिल्या संधीला जनावरं उंचावर हलवा. कापायची वेळ आलीच तर गळ्यापासून वीतभर अंतर सोडून, धार जनावराच्या उलट्या दिशेला करून. बिथरलेली म्हैस मान झटकते, म्हणून गळ्याशी पातं कधीच न्यायचं नाही. कापलेलं दावं लांब लोंबत राहिलं तर पोहताना झाडा-कुंपणात अडकतं, म्हणून वीतच, हातभर नाही. साखळी असेल तर चाकू कुचकामी. साखळीची कडी गंजली आहे का ते मेमध्येच बघा आणि तेल सोडा.

आणि चाकूचं एक काम जे नाही: साप चावला तर जखम कापायची नाही. पाण्याबरोबर साप कोरड्या जागेला येतात, माळ्यावर, लाकडांच्या ढिगात, बुटात. चावलेल्या जागी चिरा देणं, रक्त चोखणं, दोरीने करकचून आवळणं यातलं काहीही करू नका. हात किंवा पाय हलू न देता, फळीने आधार देऊन, प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. आधी फोन करून प्रतिसर्पविष आहे का ते विचारलं तर वाटेतला वेळ वाचतो.

७. बाकीचं सामान

*उजेड:* हातातल्या बॅटरीपेक्षा डोक्याला बांधायचा हेडटॉर्च, माणशी एक. सेल बाहेर काढून ठेवा, आत राहिले तर पाझरून टॉर्च खराब करतात. *शिट्टी:* गळ्यात, पिशवीत नाही. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते; तीन शिट्ट्या, थांबा, पुन्हा तीन. *पॉवर बँक:* १०,००० एमएएचची पुरे, पण ती जूनमध्ये भरली आणि ऑगस्टमध्ये काढली असं करू नका, महिन्याला चार्ज करा.

*दोर:* आठ मिलिमीटरचा नायलॉन, दहा-बारा मीटर, आणि बारीक सुतळीचं एक बंडल. ऑनलाइन पॅराकॉर्डचा, म्हणजे पॅराशूटच्या बारीक दोरीचा, फार उदोउदो आहे. ती दोरी चांगली आहे, ५५० पौंड म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसते असं सांगतात, पण ते स्थिर वजन. झटका बसणाऱ्या, प्रवाहात ओढल्या जाणाऱ्या माणसासाठी ती नाही, शिवाय इतकी बारीक दोरी ओल्या हातांना कापते. ताडपत्री बांधायला वापरा.

*अंगावर:* छत्री घरी, रेनकोट अंगावर. पायात पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट. चप्पल प्रवाहात जाते आणि गमबूट पाण्याने भरून पाय जड करतात. हातात काठी, कारण गढूळ पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही हे दुसरं काहीच सांगत नाही. पिशवीत एक कपड्याचा जोड, टॉवेल, पातळ शाल. चमकदार फॉइलची आपत्कालीन चादर मूठभर जागेत बसते आणि भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला खरंच ऊब देते. चकमक, गळ, सापळे सोडा. काडेपेटी किंवा लायटर बंद पिशवीत ठेवा, झालं.

*पाणी:* माणशी दिवसाला तीन लिटर धरतात, पण तीन दिवसांचं नऊ किलो कुणी उचलणार नाही. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, आणि सोबत मेडिक्लोर किंवा क्लोरिनच्या गोळ्या. गढूळ पाणी आधी चार पदरी कापडातून गाळा, मग औषध घाला, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि किमान अर्धा तास थांबा. ओआरएसची पाकिटं पाच-सहा; एक अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने असं नाही.

*खाणं:* शिजवावं लागणारं काही नको. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, फुटाणे, सातूचं पीठ. जयसिंगपूर-सांगलीकडे भडंग आहेच, पण त्याने तहान लागते, म्हणून ते पाण्याची सोय झाल्यावर.

*प्रथमोपचार:* बँडेज, अँटिसेप्टिक, पॅरासिटामॉल, चिकटपट्टी, हातमोजे. पुराच्या पाण्यात पायाला जखम असताना चालावं लागलं तर लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, आणि जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शनही.

मोटारीत एक गोष्ट वेगळी ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत लोक बंद गाड्यांत अडकून दगावले. सीटबेल्ट कापायचं आणि काच फोडायचं छोटं हत्यार चालकाच्या हाताशी हवं, डिकीत नाही. फोडायची ती बाजूची काच, कोपऱ्यात. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण निघत नाही.

८. निघताना आणि बोटीत

मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, कोंबड्या-कुत्री मोकळी, दाराला कुलूप. बोट आली की आधी लाइफ जॅकेट अंगावर, नीट बांधलेलं. पिशवी त्यानंतर, आणि बोटीत बसल्यावर ती पाठीवरून काढून मांडीवर. दोन्ही पट्टे आणि कमरेचा बक्कल लावून बसलात आणि बोट कलली, तर पिशवी तुम्हाला पालथं करते. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली होती. जागा नाही असं बोटवाला म्हणाला तर पिशवी टाका, पण ‘एकच माणूस जास्त’ म्हणून चढू नका; पुढच्या फेरीला थांबा.

चाकू बटव्यात, म्यानात, बटवा बंद. एनडीआरएफच्या रबरी बोटी हवेवर तरंगतात. उघडं पातं, काठीचं लोखंडी टोक, छत्रीची काडी यातलं काहीही त्या कडेला टेकता कामा नये. जवान पिशवी तपासून टोकदार वस्तू मागतील तर देऊन टाका.

९. मृगाआधी एकदा, गणपतीआधी एकदा

वर्षातून दोनदा पिशवी रिकामी करा. पहिली वेळ मृग लागायच्या आत, दुसरी गणपतीच्या आधी, कारण ऑगस्टच्या पुरात अर्धं सामान वापरून झालेलं असतं. औषधांच्या तारखा, खाण्याचा वास, सेल, पॉवर बँक, मुलांच्या कपड्यांचं माप. चाकू म्यानातून काढून पुसा, पात्यावर खोबरेल तेलाचा किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा, आणि कागद कापून बघा.

पुरातून परत आल्यावर चाकू आधी साबणाने धुवायचा, कारण त्या पाण्यात गटारही असतं. म्यानही धुवून उन्हात उलटं टांगा. घरातला चिखल काढायच्या आधी सगळ्या खोल्यांचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत खराब झालेलं सामान फेकू नका. पिशवीतलं काय संपलं याची यादी निवारा केंद्रात असतानाच करून ठेवा, घरी आल्यावर साफसफाईत ते डोक्यात राहत नाही.